हळदीच्या कागदाचे सर

आमचे सर कुणाच्याही घरी गेले की आधी मोरीत जायचे. चहा नंतर, पाणी नंतर, "कसं काय, बरं हाय का" हेसुद्धा नंतर. घरातली बाई सतरंजी अंथरत असायची, घरचा माणूस "या सर, बसा सर" करत असायचा, आणि सर चपला काढून तरातरा मोरीकडं निघालेले. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, यांना पोटाची काहीतरी तकलीफ असेल. तेवढ्यात आतून आवाज यायचा, "वहिनी, हा साबण तोंडाला लावता का धुण्याला?"

मग ते बाहेर यायचे. एका हातात घरातला साबण, दुसऱ्या हातात बोटाएवढी पिवळ्या कागदाची पट्टी. ओल्या साबणावर पट्टी टेकवायची आणि सगळ्यांच्या तोंडासमोर धरायची. पिवळा कागद बघता बघता लाल व्हायचा, विटेसारखा.

"बघा, हळद रागावली," सर म्हणायचे. "हे तुमी रोज लेकराच्या तोंडाला चोळून राहिले."

घरातली माणसं गोंधळून जायची. पाहुणा आला, साबणाला नावं ठेवली, आता चहा द्यावा का नाही? सर मात्र तोवर मांडी घालून बसलेले असायचे, नि साखर जास्त टाका म्हणून सांगत असायचे.

तो कागद ते स्वतः करायचे. घरची हळद स्पिरिटमध्ये भिजवायची, त्यात टिपकागद बुडवायचा, सावलीत वाळवायचा नि कात्रीनं पट्ट्या कापायच्या. त्या पट्ट्या शर्टाच्या खिशात. त्यामुळं त्यांच्या एकूण एक शर्टाचा खिसा तळाशी पिवळा होता. काकू म्हणायच्या, "बाकीच्या बायांच्या नवऱ्याच्या खिशात तंबाखू सापडती, माझ्या नवऱ्याच्या खिशात हळद. भांडावं तरी कशावरून?"

हिंगोलीच्या कॉलेजात ते आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे. गाव जवळा बाजारच्या बाजूचं, घरची शेती, शेतात हळद. लुनावरून यायचे. बोटांची टोकं कायम पिवळी. स्टाफरूममध्ये फिजिक्सचे सर त्यांना रोज एकच प्रश्न विचारायचे, "काय हो, आज कुणाची हळद?"

"माझीच," सर म्हणायचे. "मला रोज लागती. बायको मात्र तीच हाय."

मी पुसेगावकडच्या एका खेड्यातली. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजच्या फाटकातून आत गेलं असेल तर ते माझे बाबा, आणि तेही भिंतीला प्लास्टर करायला. माझी माय हळदीच्या सुगीत मजुरीला जायची. हळद खणून निघाली की तिचे गड्डे मोडून हळकुंडं वेगळी करायची असतात, माती झाडायची असते, मग ती शिजायला जाते. सुट्टीच्या दिवशी मीही मायबरोबर जायचे. हे काम केलं की हात पिवळे होतात, आणि ते साबणानं निघत नाहीत, राखेनं निघत नाहीत. नखांच्या कडेला तर पंधरवडाभर राहतात.

मी पहिल्या वर्षाला होते. सुगीचे दिवस आणि नेमकं प्रॅक्टिकल. शहरातल्या पोरींच्या नखांना नेलपॉलिश, माझ्या नखांना हळद. मी ओढणीत हात गुंडाळून मागं उभी राहिले. सरांनी पाहिलं.

"ए पोरी, हात काहून झाकून राहिलीस?"

"काही न्हाई सर."

"काही न्हाई तं मंग दाखव."

मी हात बाहेर काढले. मागून कुणीतरी बोललं, "सर, तिचं लग्न ठरलं वाटतं!" सगळा वर्ग हसला. मला वाटलं, जमिनीत जावं. सर हसले नाहीत. त्यांनी मला पुढं बोलावलं, टेबलाजवळ उभं केलं, तळहात वर करायला सांगितला आणि त्यावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब जिथं पडला तिथं हात लाल झाला. मग त्यांनी वर लिंबू पिळलं. लाल गेला, पुन्हा पिवळा.

वर्ग टेबलाभोवती गोळा झाला.

"आता तुमी सगळे टाका आपापल्या हातावर," सर म्हणाले. ज्यानं लग्नाचं काढलं होतं त्यालाही त्यांनी पुढं ओढलं. त्यानं थेंब टाकला. काहीच झालं नाही. लिंबू पिळलं. काहीच नाही. "काय झालं?" सरांनी विचारलं. "काही न्हाई सर," तो म्हणाला. "बराबर. तुझ्या हातावर नुसता हात हाय. हिच्या हातावर लॅब हाय. कंपनीचा लिटमस संपला की कॉलेज बंद पडंल, ही पोरगी बंद पडायची न्हाई."

त्या दिवसानंतर मी हात झाकले नाहीत. आज मी वसमतच्या बाजूला हळदीच्या एका कारखान्यात नमुने तपासते, पांढरा कोट घालते, आणि माझी नखं पिवळीच असतात. मुलाखतीला गेले तेव्हाही पिवळीच होती. टेबलावर सरळ ठेवली होती.

घरी येऊन मी मायला तो थेंबाचा खेळ करून दाखवला. माय म्हणाली, "हे तं रोजच व्हतंय भांडे घासताना. त्यात काय एवढं?" नि भाकरी थापायला लागली. दोन भाकरी झाल्यावर वळून म्हणाली, "सरानं समद्यांसमोर दाखवलं व्हय?"

"व्हय."

"माह्या हळदीचं?"

"व्हय गं."

पुढची भाकर मायनं उगीचच जास्त वेळ थापली.

सरांना माणसाचं तोंड बघायची सवय नव्हती. ते आधी हात बघायचे, मग टाचा. "तोंडाला माणूस रंगवतो, टाचेला कोन रंगवतो?" असं त्यांचं म्हणणं. व्हायवा घ्यायला बसले की समोरच्या पोराची चप्पल बघायचे, आणि टाच भेगाळलेली असली की प्रश्न बाजूला ठेवून, "आंघोळीनंतर तेल लावत न्हाई का?" असं विचारायचे. बाहेरून आलेले परीक्षक त्यांच्याकडं बघत राहायचे.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यावर उभं होतं: चामडी जरा आंबट असते. "ताकावानी," ते म्हणायचे. "लई न्हाई, जराशी. ती तशीच राहू द्या. साबण तिचा आंबटपना काढून घेतो, म्हनून ती खाजवती, तडकती, ओढल्यावानी होती." साबण लावूच नका असं ते म्हणायचे नाहीत. कमी लावा, लगेच धुवा, वरून तेलाचा हात फिरवा. आणि मग हळद.

हळदीचं सांगायला लागले की लुना सुरू ठेवून तासभर रस्त्यात उभे राहायचे. हळद पाण्यात विरघळत नाही, तिला चरबी लागते, म्हणून आपल्या बाया ती तेलात नाहीतर सायीत कालवतात. हिवाळ्यात साय, उन्हाळ्यात दही, सोबत हरभऱ्याच्या डाळीचं पीठ. हळद चिमटीत मावेल तेवढीच. जास्त टाकली म्हणून जास्त गुण येत नाही, नुसतं पिवळं होतं. घामोळं असो, पुटकुळी असो, विळ्याचा कापा असो, सूज असो, हळद तिथं आग शांत करायला बसते. कापलं की आपण आधी डब्याकडं धावतो, ते काही येडेपणानं नाही. "पन," आणि इथं ते बोट वर करायचे, "गोरं व्हायला हळद न्हाई. बरं व्हायला हाय. गोरं करतो म्हननारा एकतर पीठ इकतो न्हाईतर पाप."

आणि शेवटी ते वाक्य, जे आमच्या बॅचमधला कुणीही झोपेतून उठवलं तरी म्हणेल: "आधी कोपराला इचारा, मंग तोंडाला लावा." म्हणजे काहीही नवं असो, अगदी घरची हळद असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावायची, एक दिवस थांबायचं. खाज नाही, लाली नाही, मग चेहऱ्याला. "कोपर गरीब हाय, खोटं बोलत न्हाई," ते म्हणायचे. त्यांच्या जगात कोपर, टाच आणि हळद एवढ्या तिघांनाच खोटं बोलता येत नव्हतं.

एकदा कॉलेजात पोरींसाठी कसलंसं सौंदर्य शिबिर भरलं. कोट घातलेला एक माणूस ट्यूब घेऊन आला. ट्यूबवर हळकुंडाचं चित्र, आतलं मलम पिवळंधमक. बोलावलं नव्हतं तरी सर पहिल्या रांगेत पोरींच्या मधोमध जाऊन बसले. तो माणूस सांगत होता, मॅडम, शुद्ध हळदीचा अर्क, अमुक दिवसांत फरक. सर उठले, बोटभर मलम कागदावर घेतलं, खिशातल्या बाटलीतलं साबणाचं पाणी त्यावर सोडलं. मलम पिवळंच राहिलं.

"साहेब," सर अगदी नम्रपणे म्हणाले, "आमच्याकडची हळद साबणाला पाहून लाल होती. तुमची लई शांत स्वभावाची दिसून राहिली."

पोरी इतक्या हसल्या की त्या माणसानं ट्यूबा बॅगेत भरल्या. जाताना सरांनी त्याला चहा पाजला, आणि आपल्या शेतातल्या हळदीची पुडी दिली. "बायकोला द्या. आधी कोपराला लावा म्हनाव."

आता मला त्या गोष्टीकडं यायचं आहे जिच्यामुळं आमच्या घरात सरांचं नाव निघालं की माय पदर नीट करते.

माझी धाकटी बहीण सुजाता. सेनगावच्या बाजूला तिची सोयरीक ठरली. पोरगा चांगला, घर चांगलं. बघायला आलेल्या लोकांत पोराची आत्या होती. ती जाता जाता मायला म्हणाली, "पोरगी कामाला वाघ हाय. जरा उजळ असती तं सोनं होतं." एवढंच. पण सुजाताच्या मनात ते काट्यासारखं रुतलं. ती कुणाला काही बोलली नाही. पुसेगावच्या आठवडी बाजारातून तिनं एक छोटी डबी आणली. डबीवर ना नाव, ना गाव. नुसतं एका बाईचं तोंड छापलेलं, अर्धं काळं, अर्धं गोरं.

सुरुवातीला खरंच उजळली. शेजारणी म्हणायला लागल्या, लग्नाचं तेज आलं. मग डबी संपली, आणि चारदोन दिवसांत तोंड पेटल्यासारखं झालं. लाल, सुजलेलं, पुटकुळ्यांनी भरलेलं. उन्हात जाता येईना, चुलीसमोर बसता येईना. मायनं जे कुणीही केलं असतं तेच केलं. हळद लावली. गुण येईना म्हणून आणखी लावली, त्यात लिंबू पिळलं. पोरगी रडायला लागली. लग्न महिन्यावर आलेलं. मी सरांना फोन केला.

सर लुनावर आले, हिंगोलीहून आमच्या खेड्यापर्यंत. आमची वस्ती गावाच्या कडेला. गावातली जुनी, मोठ्या घरची माणसं आमच्याकडं कामानिमित्त आली तर दाराबाहेर उभी राहून बोलतात, अजून. आता कुणी काही म्हणत नाही, पण पाय उंबऱ्याशी अडतातच. सरांनी चपला काढल्या आणि थेट आमच्या मोरीत गेले. मायनं नंतर कितीदा तरी सांगितलं, "एवढा मोठा मानूस असा सरळ आत आलेला म्या पयल्यांदा पाह्यला."

साबण बघितला, कागद लाल झाला, "हा ठेवून द्या" म्हणाले. मग सुजाताला समोर बसवलं आणि डबी मागितली. तळाशी जरासं मलम उरलं होतं. त्यांनी त्यावर पट्टी टेकवली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. पट्टी पिवळीच राहिली. त्यांनी दुसरी काढली. तीही पिवळीच.

सरांनी दोन्ही पट्ट्या उजेडाकडं धरून बघितल्या.

"माझा कागद इथं मुका हाय," ते म्हणाले. "याच्यात जे हाय ते हळदीला दिसत न्हाई. हे औषधाच्या जातीचं काहीतरी हाय, न इचारता घातलेलं." मग मायकडं वळले. "ताई, आजपासून पोरीच्या तोंडाला हळद बंद."

"अवं सर," माय म्हणाली, "तुमीच तं समद्या जिल्ह्याला हळद सांगता."

"म्हनूनच मीच सांगून राहिलो. दुसरं कुनी सांगितलं तं तुमी ऐकनार न्हाई. जळल्या घरात पाहुना बोलवू नाय, मंग तो कितीबी चांगला असो. उद्या हिंगोलीला चामडीच्या डॉक्टरीनबाईकडं. मी येतो संगं."

आले. डॉक्टरीणबाईंनी डबी बघून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अशा डब्यांमध्ये स्टेरॉईड असतं, रोज अशी तोंडं येतात माझ्याकडं. औषध दिलं, ऊन टाळायला सांगितलं, आणि म्हणाल्या, बरं होईल पण सावकाश, लग्नापर्यंत सगळं जाणार नाही. तोवर मी देईन त्याशिवाय तोंडाला काही नाही. हळदही नाही.

हळदही नाही! आमच्यात लग्न बुद्धविहारापुढं वंदना घेऊन लागतं, पण आदल्या दिवशीची हळद अजून कुणी सोडलेली नाही. आणि नवऱ्याला लागलेली हळद उरते ती नवरीकडं येते, उष्टी हळद. ती अंगाला लागली की पोरगी त्या घरची झाली असं बाया धरतात. ती परत पाठवणं म्हणजे सोयरीक परत पाठवणं. माय रात्रंदिवस तेच घोकायची. सुजाता नुसती औषध वेळेवर लावायची.

हळदीच्या दिवशी दुपारी सेनगावकडून टेम्पो आला. पुढं आत्याबाई, हातात उष्ट्या हळदीची पितळी वाटी. ठसठशीत बाई. चेहऱ्यावर पावडरीचा जाड थर, आणि त्याखाली गाल लालबुंद. सुजाता पाटावर बसली होती. तोंडाची सूज उतरली होती, पण डाग होते, आणि ती तशीच बसली होती, पदर न ओढता. सर पाव्हण्यांच्या खुर्चीत, पिवळ्या खिशासकट.

आत्याबाईंनी मूठभर हळद घेतली आणि हात सरळ गालाकडं नेला. माय मध्ये झाली. "आत्याबाई, पायाला लावा, हाताला लावा. तोंडाला नगं."

"काहून?" आत्याबाईंचा हात तिथंच थांबला. "आमच्या हळदीत खोट हाय? का पोरीत हाय?"

मांडव चिडीचूप. माझ्या बाबांनी खाली बघितलं. टेम्पोतून आलेल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "हळदीचे सर इथंच हायेत. त्यांनाच इचारा की."

सर उठले. वाटी हातात घेतली, नाकाशी नेली, बोटांत चिमूटभर चोळून बघितली. "हळद चोख हाय," ते म्हणाले. "घरची दिसती. वास सांगतो. हिच्यात काई खोट न्हाई. आन्..."

"सर, थांबा," सुजाता म्हणाली. "मी सांगते."

तिनं मान वर केली आणि तोंड आत्याबाईंसमोर धरलं.

"आत्याबाई, तुमी म्हनलं व्हतं उजळ असती तं सोनं. मी बाजारातून डबी आनली. उजळले, मंग जळाले. आता औषध चालू हाय. बरी होऊन राहिले, गोरी होऊन राहिले न्हाई. हे डाग गेले का मी व्हते तशीच काळी दिसनार हाय. तुमाला चालत असल तं हळद पायाला लावा. चालत नसल तं वाटी संगं घेऊन जा, आत्ताच."

माय मटकन खाली बसली.

मग सर सुजाताच्या पायांशी जमिनीवर बसले, धोतरासारखी पँट वर सरकवून, नि वाटी आत्याबाईंपुढं केली. "हळद तशीबी पायापासनंच चढती, बाई," ते म्हणाले. "जे पाय तुमच्या उंबऱ्यात येनार, ते बघून घ्या. याला कधी कुनी डबी लावली न्हाई."

आत्याबाई सुजाताच्या तोंडाकडं बघत राहिल्या. त्यांच्या मुठीतली हळद बोटांमधून खाली गळत होती. मग त्या बसल्या. जड बाई, बसताना मायच्या खांद्याचा आधार घेतला. आणि त्यांनी सुजाताच्या तळपायाला हळद लावली, मग टाचेला, घोट्याला, गुडघ्याला, मग दोन्ही हातांना, कोपरापर्यंत. कोपराशी आल्यावर सर हळूच म्हणाले, "बास." मागून एका बाईनं गाणं धरलं आणि मांडव पुन्हा बोलायला लागला.

हात धुवायला आत्याबाई मोरीत आल्या. मी त्यांच्या हातावर तांब्यानं पाणी घालत होते. साबण लावला तसं पाणी लाल व्हायला लागलं. सर दारातच उभे होते, ते कुठं जाणार!

"गुरुजी," आत्याबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या त्या कागदानं म्हनं समदं कळतं."

"साबनाचं कळतं, आत्याबाई. डबीचं न्हाई कळत."

"डबीचं तुमाला कुनी सांगितलं?"

"तुमच्या गालानं."

आत्याबाईंनी ओले हात पदराला पुसले. कमरेच्या पिशवीतून एक डबी काढली. अर्धी काळी, अर्धी गोरी बाई. मला हसू आलं नाही, खरं सांगते. तेवढी मोठी, तेवढी ठसठशीत बाई मोरीत लेकरासारखी उभी होती. सर एवढंच म्हणाले, "एकदम फेकू नका. आधी डॉक्टरीनबाईला दाखवा, ती सांगंल कसं सोडायचं. ही पोरगी पत्ता देईल." मी दिला.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. सुजाताच्या तोंडाला काही नव्हतं, पावडरसुद्धा नाही. फोटोत डाग दिसतात. तो फोटो आमच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे.

सासरी गेल्यावर तिचा पहिला फोन आला तो मला. मला वाटलं, रडेल. ती कुजबुजत म्हणाली, "ताई, सरांना सांग, इथला साबन पार रक्तावानी लाल निघाला. सासूबाईला समोर बसवून दाखवलं." सरांनी जाताना तिच्या ओटीत तांदळाबरोबर पट्ट्यांचं एक पुडकं टाकलं होतं, ते तेव्हा कळलं. मी सरांना निरोप दिला. "आन् सासू काय म्हनली?" त्यांनी लगेच विचारलं. "शेजारनीचा साबन आनायला पळाली," मी म्हणाले. सर फोनवर इतके खूष झाले की मागून काकूंचा आवाज आला, कुणाला बाळ झालं?

आता सर निवृत्त आहेत, शेतावरच असतात. पण मी सांगते ते त्यांच्या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाचं. सुजाता पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा नवऱ्याला घेऊन हिंगोलीला गेली, सरांना भेटायला. मीही होते. तोंड बरंच निवळलं होतं. तिचा मूळचा सावळा रंग परत आला होता, गुळगुळीत, तजेलदार, आमच्या मायचा रंग. वाटेत ती मला दोनदा म्हणाली, सर तोंड बघून काय म्हणतील गं?

सर लॅबमध्ये पट्ट्या कापत होते. सुजाता समोर जाऊन उभी राहिली, मान ताठ, चेहरा उजेडाकडं केलेला. सरांनी कात्री खाली ठेवली. चष्मा लावला. आणि खाली बघितलं.

"टाच दाखव."

तिनं चप्पल काढली, पाय वळवला. टाच मऊ, तेलाचा हात फिरलेली, आणि कडेला, जिथं साबण पोचत नाही तिथं, लग्नाची हळद अजून पिवळी होती.

"पास," सर म्हणाले, आणि पुन्हा कात्री उचलली.